खानदेशचे ऊन आणि हँडलवरचा कॅमेरा

धुळ्यात नोकरीला असलेला माझा एक जुना विद्यार्थी रविवारी सायकलवर लांब जातो. कधी लळिंगपर्यंत, कधी थाळनेरला. त्याच्या गटात सहा-सात जण आहेत, त्यातले दोघे जळगावचे. परवा त्याचा फोन आला, ‘‘सर, हँडलला लावायचा छोटा कॅमेरा घ्यायचाय. कोणता घेऊ?’’ उर्दू-मराठीच्या मास्तराला कॅमेऱ्याचे विचारावे हे गमतीचेच. मी चार दिवस मागून घेतले आणि सवयीप्रमाणे उत्तर शोधायला इतिहासात शिरलो.

हा इतिहास आपल्या भुसावळपासूनच सांगता येतो. मेजर रॉबर्ट गिल यांची कबर तिथे आहे. मद्रास फौजेतला हा चित्रकार अधिकारी. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमले. तो आला तो इथलाच झाला आणि १८७९ मध्ये इथेच मेला. त्याची आणि पारोची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते, तिच्यावर सिनेमाही निघाला. गिलच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही.

गिलने वर्षानुवर्षे खपून तैलरंगात मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि मोजक्या काही सोडल्या तर सगळ्या जळाल्या. पण दरम्यान, १८५६च्या सुमारास, त्याने जोडभिंगाचा स्टिरिओ कॅमेरा हाती घेतला होता. त्यावर काढलेली लेण्यांची, देवळांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने छापून झाली होती. म्हणजे आगीच्या दोन वर्षे आधी. कॅनव्हास एकच होता, तो गेला. छायाचित्राच्या प्रती अनेक होत्या, त्या राहिल्या.

त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय दिव्य होते, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा. त्यात ईथर आणि अल्कोहोल. मग ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत धुऊन काढायची. काच वाळली की सगळे फुकट. विलायतेत त्यासाठी दहा-पंधरा मिनिटे मिळत. आपल्या वैशाखात ईथर किती वेळ टिकत असेल याचा विचार करा. उर्दूत छायाचित्रणाला ‘अक्कासी’ म्हणतात, ‘अक्स’ म्हणजे प्रतिबिंब यावरून. खानदेशात ते अक्स धरायच्या आत वाळून जायचे.

पुढे अजिंठ्याच्या छायाचित्रांचे सर्वांत मोठे काम झाले ते निजामाच्या अमलात. लेणी हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम यजदानी यांनी रंगीत छायाचित्रांवर आधारलेले ‘अजंता’ हे चार भागांचे पुस्तक काढले, १९३० ते १९५५ या काळात. त्याआधी लेडी हेरिंगहॅमच्या चमूत नंदलाल बोस, असितकुमार हालदार यांच्याबरोबर हैदराबादचे सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन हे चित्रकारही नकला करत होते. बुद्धाच्या चित्रांसाठी आयुष्याची वर्षे देणाऱ्या या माणसांची नावे आमच्या मुलांना माहीत नसतात, आणि इतरांच्या मुलांनाही नसतात.

सायकल आणि कॅमेरा यांची सोयरीकही जुनीच. १८८८ मध्ये ईस्टमनने शंभर फोटोंची गुंडाळी भरलेला कोडॅक बाजारात आणला आणि काचा-तंबूचे लचांड सुटले. पुढच्या दशकात सायकलची लाट आली. लगेच घडीचे कॅमेरे आणि ते सायकलला बांधायच्या चामड्याच्या पेट्या विकायला आल्या. फॅनी आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपे कॅमेरा घेऊन हिंदुस्थानभर सायकलवर हिंडले. त्यांच्या १९०४च्या पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा आकडा आहे. मग १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगाच्या सफरीला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये परत आले, सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून. पण या सगळ्यांना फोटोसाठी सायकल थांबवावी लागे. चालत्या सायकलवरून रस्ताच टिपायचा, ही सोय अगदी अलीकडची. निक वुडमन या लाटांवर खेळणाऱ्या अमेरिकन तरुणाने २००२ मध्ये गोप्रो कंपनी काढली. २००४चा तिचा पहिला कॅमेरा मनगटाला बांधायचा होता आणि, आज खरे वाटणार नाही, फिल्मवर चालायचा.

आता मूळ सवालाकडे येतो. दुकानदार ‘फोर के’ आहे का, एवढेच सांगतो. स्वस्तातल्या कॅमेऱ्यांत ते फोर के पुष्कळदा लहान चित्र ताणून केलेले असते. माझ्या मते सायकलवाल्याने आधी थरथर बघावी. जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे हा महामार्ग रुंद झाला तरी गावात शिरणारे आपले रस्ते ठाऊकच आहेत. कॅमेऱ्यात चित्र स्थिर करण्याची सोय चांगली नसेल तर पाहणाऱ्याला गरगरते. ही स्थिरता चित्राच्या कडा कापून मिळते, म्हणून मूळ दृश्य रुंद हवे. गोप्रोने २०१८च्या हीरो ७ ब्लॅकपासून यात मोठी मजल मारली, पुढच्या वर्षी डीजेआयही ऑस्मो अ‍ॅक्शन घेऊन उतरली. आज दोन्ही, आणि इन्स्टा ३६० सुद्धा, या बाबतीत पुरेसे आहेत.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि इथे कलोडियन आठवते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास जातो. गोप्रोच्या माहितीपत्रकांत वापराची वरची मर्यादा ३५ अंश दिलेली असते, डीजेआयच्या ऑस्मो अ‍ॅक्शन ४ला ४५. चालत्या सायकलवर वारा लागतो म्हणून कॅमेरा निभावतो, पण चहाच्या टपरीपाशी चालू ठेवून उन्हात उभा केला की तापून स्वतःच बंद पडतो. त्याला मी सांगितले, चित्रीकरण तुकड्या-तुकड्याने कर, थांबलास की बंद कर आणि बॅटरी काढता येईल असाच घे. हँडलपेक्षा छातीवरच्या पट्ट्यावर हादरे कमी बसतात. कार्डावर ‘व्ही ३०’ ही खूण असावी, नाहीतर चित्रण मध्येच तुटते. घरी आल्यावर त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. क्रिस्टल पॅलेस कोणाच्याही घरात होऊ शकतो.

हा सगळा खटाटोप थाळनेरसाठी आहे. धुळ्याहून सुमारे ५० किलोमीटरवर, तापीच्या काठी, शिरपूर तालुक्यातले हे गाव. फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजाला हा मुलूख मिळाला, त्यातून फारुकी घराणे उभे राहिले आणि १६०१ मध्ये अकबराने अशीरगड घेईपर्यंत टिकले. आपल्या मुलुखाच्या नावातला ‘खान’ याच घराण्याच्या पदवीतून आला, असे एक मत आहे. मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याची कबर थाळनेरला आहे, त्याच्या वंशजांचे मकबरेही तिथेच. त्यातला एक अष्टकोनी, नक्षीचा. अजिंठ्यासाठी कंपनी सरकारने माणूस नेमला, निजामाने खाते उभे केले. थाळनेरच्या वाट्याला तसे कोणी आले नाही. आमच्या सभांमध्ये फारुकींचे नाव अभिमानाने घेतले जाते, पण ‘मकबऱ्यावर नक्षी कशी आहे?’ असे विचारले तर सभा गप्प होते.

म्हणून त्याला शेवटची सूचना इमारतीपुरती दिली. या कॅमेऱ्यांचे रुंद भिंग सरळ रेषा वाकवते. रस्त्यावर ते खपते, पण मकबऱ्याची भिंत पोटफुगी दिसते. तिथे सायकल लावायची, कॅमेरा ‘लिनिअर’वर घ्यायचा, सकाळी तिरपे ऊन असताना आठही बाजूंनी सावकाश चालायचे आणि प्रत्येक बाजूला क्षणभर थांबायचे. नक्षी मग मोबाइलनेच जवळून काढावी, तिथे हा छोटा कॅमेरा कमी पडतो. पुढच्या रविवारी निघणार आहेत, पहाटे फजरनंतर लगेच, म्हणजे दहाच्या आत परतीच्या रस्त्याला लागता येईल.