चाकांवरची फळी आणि जागेवरचा हक्क

स्केटबोर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? महागडे बूट घातलेला, मोठ्या शहरातला, खात्यापित्या घरचा पोरगा. "हे आपलं नाही," असं म्हणून आपण पुढे जातो. आमचं म्हणणं असं की या खेळाचा इतिहास आंबेडकरी तरुणांनी एकदा नीट वाचावा. कारण तो खेळाइतकाच जागेचा इतिहास आहे. रस्ता कोणाचा, पायऱ्या कोणाच्या, तलाव कोणाचा आणि हे ठरवणारे कोण?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह तिथे चालत जावं लागलं. कागदावरचा हक्क पायांनी चालून, हातांनी पाणी उचलून खरा करावा लागतो, हे महाडने शिकवलं. हा धडा सोबत ठेवून आपण कॅलिफोर्नियाकडे जाऊ.

कोरडे तलाव

१९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणारी पोरं समुद्र शांत असला की रोलर स्केटची चाकं लाकडी फळीला ठोकून रस्त्यावर उतरू लागली. या खेळाचा कोणी एक जनक नाही. तो हाताशी असलेल्या वस्तूंतून, पोरांच्या जुगाडातून जन्मला. १९६० च्या दशकात कंपन्यांनी तो उचलला. पण तेव्हाची मातीची चाकं खड्यावर अडकायची, पोरं तोंडावर आपटायची. अनेक शहरांनी बंदी घातली आणि १९६५ नंतर ही लाट ओसरली. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नासवर्दी या तरुणाने पॉलीयुरेथेनची चाकं बाजारात आणली. ती रस्ता धरून ठेवत. खेळ पुन्हा उभा राहिला.

यावेळी त्याचं केंद्र होतं सांता मोनिका आणि व्हेनिस यांच्या सीमेवरची 'डॉगटाऊन' नावाने ओळखली जाणारी वस्ती. बंद पडलेलं, मोडकळीला आलेलं मनोरंजन उद्यान, स्वस्त भाड्याची घरं आणि कष्टकऱ्यांची मुलं. तिथल्या एका दुकानाच्या नावाने 'झेफिर' संघ तयार झाला. १९७५ साली डेल मारच्या स्पर्धेत हा संघ उतरला तेव्हा त्यात मेक्सिकन वंशाचा टोनी अल्वा होता आणि पेगी ओकी ही जपानी वंशाची एकमेव मुलगी होती. बाकीचे स्पर्धक ताठ उभं राहून कसरती करत होते. ही पोरं गुडघे वाकवून, हात जमिनीला टेकवून, लाटेवर असल्यासारखी वळत होती.

मग १९७६-७७ चा दुष्काळ आला. पाणी वाचवण्यासाठी श्रीमंतांच्या बंगल्यांतले पोहण्याचे तलाव कोरडे पडले. डॉगटाऊनची पोरं कुंपणावरून उड्या मारून आत शिरायची, तळाचा गाळ उपसायची आणि त्या गोलाकार भिंतींवर फळी चढवायची. पोलीस आले की पळायची. भिंतीवर चढून हवेत झेपावण्याचा, आज जगभर दिसणारा प्रकार या कोरड्या तलावांत घडला.

पाणी होतं तेव्हा बाहेर कोण होतं?

इथवरची गोष्ट अनेक माहितीपटांत येते. आपण एक पाऊल पुढे टाकू. याच तलावांत पाणी होतं तेव्हा त्यांत उतरायची परवानगी कोणाला होती?

त्याच सांता मोनिकात बे स्ट्रीटच्या टोकाला किनाऱ्याचा एक तुकडा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या कुटुंबांना शांतपणे बसता येईल असा. गोऱ्यांनी त्याला हिणवून 'इंकवेल', म्हणजे शाईची दौत, असं नाव दिलं. निक गॅबाल्डन हा काळा आणि मेक्सिकन वंशाचा तरुण तिथेच लाटांवर स्वार व्हायला शिकला. १९५१ साली मालिबूच्या धक्क्यावर आदळून तो गेला. म्हणजे ज्या खेळातून स्केटबोर्ड निघाला, त्या खेळाच्या किनाऱ्यावरही रंगाची रेघ होती.

लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडेना शहरात 'ब्रुकसाइड प्लंज' हा सार्वजनिक तलाव होता. काळ्या, मेक्सिकन आणि आशियाई लोकांना तिथे आठवड्यातून एकच दिवस प्रवेश मिळे. त्यांचा दिवस संपला की तलावातलं पाणी काढून टाकून तो साफ केला जाई. हे वाचताना आपल्याला काय आठवतं? महाडमध्ये सत्याग्रहानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून १०८ घागरींनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं गेलं. समुद्रापलीकडचे दोन समाज, भाषा वेगळी, धर्म वेगळा. पण माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं ही विकृती दोन्हीकडे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. डॉगटाऊनची पोरं सत्याग्रही नव्हती. त्यांच्यापुढे मुक्तीचा कार्यक्रम नव्हता, त्यांच्यात गोरीच जास्त होती. कुंपणावरून उडी मारणं आणि महाडला जाणं एका तराजूत तोलणं हा बाबासाहेबांच्या लढ्याचा अपमान ठरेल. पण जागा बांधणारा तिचा एक अर्थ ठरवतो आणि वापरणारा तो बदलू शकतो, एवढं त्या पोरांनी दाखवलं. त्याचा खरा उपयोग पुढे दुसऱ्यांनीच केला.

फळीची खालची बाजू

स्केटबोर्डवरचं चित्र वरच्या बाजूला नसतं, ते खालच्या बाजूला असतं. फळी कठड्यावरून घासत गेली की चित्र खरवडलं जातं. वापरलं की झिजतं. दिवाणखान्यात टांगायच्या चित्रापेक्षा हे गणित वेगळं आहे. क्रेग स्टेसिक याने डॉगटाऊनच्या भिंतींवरची अक्षरं, फोटो आणि लेख यांतून या वस्तीची दृश्यभाषा घडवली. १९८५ साली जिम फिलिप्सने काढलेला किंचाळणारा निळा हात आजही जगभर ओळखला जातो. कला महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या कित्येकांनी पहिलं चित्र याच फळीवर काढलं.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं नाव डग्लस माइल्स यांचं. ते ॲरिझोनातल्या सॅन कार्लोस या अपाची राखीव प्रदेशातले चित्रकार. हा तोच प्रदेश, जिथे एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सैन्याने अपाची लोकांना आणून डांबलं. माइल्स यांच्या मुलाला स्केटबोर्ड हवा होता. त्यांनी फळीवर अपाची योद्धा रंगवून दिला. त्यातून २००२ साली 'अपाची स्केटबोर्ड्स' उभं राहिलं. हॉलिवूडने ज्यांना शतकभर रानटी म्हणून दाखवलं, त्यांची पोरं स्वतःच्या पूर्वजांचा चेहरा घेऊन रस्त्यावर आली. २००९ मध्ये स्मिथसोनियनच्या अमेरिकन इंडियन संग्रहालयाने मूलनिवासी स्केटबोर्ड संस्कृतीवर प्रदर्शन भरवलं. आधी रस्ता, मग संग्रहालय. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरं नाव स्टीव्ही विल्यम्स. फिलाडेल्फियाच्या गरीब काळ्या वस्तीतला हा पोरगा शहराच्या मध्यावरच्या 'लव्ह पार्क'मध्ये जायचा. तिथे त्याला आणि त्याच्या मित्रांना 'डर्टी घेटो किड्स', घाणेरड्या वस्तीतली पोरं, म्हणून हिणवलं जाई. मोठा झाल्यावर त्याने स्वतःची कंपनी काढली आणि तिला नाव दिलं 'डीजीके', त्याच शिवीची आद्याक्षरं. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडे पाहून 'दलित पँथर' हे नाव घेतलं, तेव्हा त्यांनीही दबलेपणाचा शब्द छाती काढून मिरवला होता. शब्द तोच राहिला, तो उच्चारणारा बदलला.

नेसण्याची लाज आणि नेसण्याचा मान

बोलिव्हियात कोचाबांबा शहरात २०१९ साली काही तरुणींनी 'इमिया स्केट' हा गट सुरू केला. आयमारा आणि केचुआ भाषांत 'इमिया' म्हणजे मुलगी. या मुली आज्यांच्या काळचा घेरदार घागरा, पोयेरा, नेसून आणि दोन वेण्या घालून स्केटबोर्ड चालवतात. हा पोशाख मूळचा स्पॅनिश राजवटीने लादलेला. पुढे तोच मूलनिवासी बायकांची ओळख झाला आणि त्याच ओळखीमुळे त्यांना हॉटेलात, टॅक्सीत नाकारलं जाई. त्यांच्या मुलींनी शहरात आल्यावर तो सोडून दिला. नातींनी पुन्हा नेसला आणि भर चौकात वेगाने फिरल्या.

आपल्याकडे महाडच्या दुसऱ्या परिषदेत, डिसेंबर १९२७ मध्ये, बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाका, असं सांगितलं. वरवर पाहता दोन्ही गोष्टी उलट वाटतात. एकीकडे जुनं टाकणं, दुसरीकडे जुनं उचलणं. पण कसोटी एकच आहे. अंगावर काय असावं हे आम्ही ठरवणार, आम्हाला खालचं मानणारे नाही.

जनवार: गावातला उतार

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार हे गाव आहे. आदिवासी आणि यादवांची वस्ती, मधे जातीची भिंत. २०१५ साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी तिथे सिमेंटचं स्केटपार्क बांधलं. नियम दोनच: शाळेत गेल्याशिवाय स्केटबोर्ड नाही आणि मुलींना पहिला मान. एका फळीवर आज यादवाचा पाय, उद्या गोंडाचा. पडलं की हात देणाऱ्याची जात विचारायला वेळ नसतो. याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली.

याचं कौतुक करावं, पण डोळे उघडे ठेवून. मैदानावर एकत्र खेळणारी पोरं घरी गेल्यावर एका ताटात जेवतात का? लग्नाची वेळ आली की काय होतं? जातिअंत केवळ एकत्र खेळण्याने होत नाही, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं आहे. दुसरं असं की बाहेरून कोणी येऊन मैदान देईल याची वाट आपण किती दिवस पाहायची?

फळी मुक्ती देत नाही

टायर निकोल्स हा मेम्फिसमधला २९ वर्षांचा काळा तरुण. स्केटबोर्ड आणि फोटोग्राफी हे त्याचं जीव की प्राण. ७ जानेवारी २०२३ रोजी पोलिसांनी त्याला रस्त्यात मारलं, १० जानेवारीला तो गेला. खुनाचा आरोप ठेवलेले पाचही पोलीस काळेच होते. व्यवस्था माणसाच्या अंगात कशी शिरते, याचा याहून कडू पुरावा नको. दुसरीकडे हाच खेळ टोकियोत ऑलिंपिकमध्ये गेला, बड्या कंपन्यांच्या जाहिरातींत गेला. आणि त्याच वेळी शहरांनी कठड्यांवर, बाकांवर लोखंडी गुटके ठोकले, पोरांनी फळी घासू नये म्हणून. बेघर माणसाने झोपू नये म्हणून बाकावर आडवी दांडी ठोकतात, त्याच बुद्धीने. खेळ विकाऊ झाला की चालतो, खेळणारा नको असतो.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. प्रत्येक वस्तीत स्केटपार्क व्हावा, अशी ही मागणी नाही. आपल्या वस्तीतलं पटांगण कोणी बळकावलं, समाजमंदिराला कुलूप का, बागेत आपल्या पोरांनाच शिट्टी का वाजते, हे विचारायला शिका. नगरपालिकेत जाऊन आराखडा मागा, मैदानाचं आरक्षण कुठे गेलं ते शोधा. हाताशी जे आहे, ढोलकी असो, भिंत असो, मोबाईल असो की जुनी फळी, त्यावर आपला चेहरा, आपला इतिहास काढा. आणि मैदानात मुलींना पहिला मान द्या, हा जनवारचा नियम आजच उचलण्यासारखा आहे.

तळ्याकाठी जमलेल्या आपल्या माणसांना पाणी तर दुसरीकडेही मिळत होतं. त्यांना हवा होता माणूस म्हणून तिथे उभं राहण्याचा हक्क. तो हक्क रोज वापरला नाही तर तोही झिजतो. वापरत राहू.

जय भीम!