गळलेलं पान आणि ओरबाडलेलं पान



परदेशातली आपली नातवंडं शरदात मेपलची गळलेली पानं वेचून त्यांवर नक्षी रंगवतात, त्याचे फोटो आता घरोघरी येतात. आपल्याकडे पानगळ शरदात नसते, शिशिरात असते. बुलढाण्याच्या घाटात माघ-फाल्गुनात साग, पळस उघडेबोडके होतात. पिंपळही जुनी पानं टाकून तांबूस पालवी धरतो.

पण पान रंगवणं आपल्याला नवं नाही. वर्गात मी इतिहास शिकवला, तरी कार्यानुभवाचा तासही वाट्याला यायचा. पिंपळाची पडलेली पानं दोन-तीन आठवडे पाण्यात कुजत ठेवायची. वास मारतो, पण गर सुटतो. मऊ ब्रशने तो झाडला की नुसती जाळी उरते. ती वहीत दाबून वाळवायची, वरून पातळ खळ द्यायची म्हणजे रंग पसरत नाही, आणि मग गणपती, मोर, वेलबुट्टी काय हवं ते काढायचं. ड्रॉइंगचा कागद विकत घेणं जड जायचं अशा घरची पोरं यात सर्वांत पुढे असत. पिंपळ सगळ्यांना सारखीच पानं देतो!

या तासाचं मूळ आपल्या विदर्भातच सापडतं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा भाग असावा अशी शिफारस केली.

आता कोणी म्हणेल, ही आपलीच प्राचीन कला. इतिहासाच्या मास्तराने इथे जपून बोलावं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये याच बोधिवृक्षाच्या जाळीदार पानांवर अर्हतांची सुंदर चित्रं काढली गेली. अमेरिकेत एडवर्ड पॅरिश यांनी १८६२ साली पानांची जाळी करण्यावर ‘द फँटम बुके’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं. झाड आपलं असलं, तरी हात अनेकांचे लागले आहेत. त्यात कमीपणा कसला?

मला खरं बोलायचंय ते वेगळंच. आपण शरदातही पानं घेतोच की, दसऱ्याला. ‘सोनं’ म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडतो. आपटा मिळाला नाही तर कांचनाची पानं त्याच नावाने बाजारात येतात. दुसऱ्या दिवशी हे सोनं रस्त्यावर तुडवलं जातं. झाडाने स्वतःहून टाकलेलं पान वर्षानुवर्षं पुस्तकात राहतं, आणि तोडलेलं एका रात्रीत केरात जातं.

तेव्हा यंदा फाल्गुनात थोडी पिंपळपानं वेचा. पोराबाळांना बसवून ती रंगवा, जपून ठेवा आणि दसऱ्याला सोनं म्हणून तीच एकमेकांना द्या. थोरामोठ्यांना रुचेल की नाही, ठाऊक नाही. पण आपट्याला नक्की रुचेल.

असो. तुमच्याकडे कशी करत होते, तेही जरूर कळवा.