मॉरिशसचा सागर आणि वर्धा

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. धाम नदीला पूर आला की पवनारला जे पाणी दिसते तेवढेच काय ते आमचे महाजल. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात दूरदेशी गेला खरा, पण तो पिकविणाऱ्याने गलबत कधी पाहिले असेल असे नव्हे. तरीही मॉरिशस बेटाभोवतालच्या पाण्याची गोष्ट वर्ध्याहून सांगावयास आधार आहे. १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, जे महात्माजी राहावयास आले, ते त्यापूर्वी पस्तीस वर्षे त्या पाण्यात सुमारे तीन आठवडे अडकून पडले होते.

इ. स. १९०१ च्या ऑक्टोबरात बॅरिस्टर गांधी दक्षिण आफ्रिकेतील काम आटोपून सहकुटुंब स्वदेशी निघाले. निरोपाच्या वेळी मिळालेले सोन्याचे दागिने त्यांनी सार्वजनिक कामासाठी ठेवून दिले आणि कस्तुरबांना ते मुळीच रुचले नाही, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्याच प्रवासात त्यांची ‘नौशेरा’ आगबोट ३० ऑक्टोबरला पोर्ट लुई बंदराला लागली आणि १९ नोव्हेंबरपर्यंत तेथेच राहिली. आत्मकथेत या मुक्कामाला दोनतीन वाक्यांपलीकडे जागा नाही. बोट बराच काळ थांबली, आपण तेथली स्थिती समजून घेतली, आणि एक रात्र गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांचे पाहुणे होतो, एवढेच ते सांगतात. मला ही त्रोटकता नेहमी चुटपुट लावते.

ते पाणी कसे आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे वीस अंशांवर, हिंदी महासागरात आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकातून वर आलेले हे बेट आपल्या एखाद्या लहानशा जिल्ह्याएवढे. त्याच्या बहुतेक किनाऱ्यापासून काही अंतरावर पोवळ्याच्या खडकांचा बांध पसरलेला आहे. बांधाबाहेर गर्द निळा, खवळलेला महासागर; आत उथळ, स्वच्छ, पाचूच्या रंगाचे संथ पाणी. गोड्या पाण्यात पोवळे वाढत नाही, म्हणून जेथे नदी समुद्राला मिळते तेथे बांधाला खिंड पडते आणि गलबतांना आत येण्यास वाट मिळते. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी बांधच नाही. तेथे लाटा थेट कड्यावर आदळतात. ज्याला ही खिंड सापडली त्याला बेट सापडले, असा तेथला इतिहास आहे. १८१० च्या ऑगस्टात ग्रां पोर्टच्या उपसागरात इंग्रजांची जहाजे पोवळ्यात रुतली आणि फ्रेंचांनी त्यांचा पराभव केला. त्याच वर्षाअखेर उत्तरेच्या बाजूने वाट काढून इंग्रजांनी सैन्य उतरविले आणि बेट घेतले. त्या सैन्यात हिंदी शिपाईही होते. मात्र लढाईच्या इतिहासात त्यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

पुढे गुलामगिरी बंद होऊ लागताच मळेवाल्यांना उसासाठी माणसे हवी झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले, आणि १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे गिरमिटावर त्या बेटात आली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी व आसपासच्या मुलुखातील मराठी माणसे पुष्कळ होती. कोकणच्या माणसाला समुद्र नवा नव्हता. पण हा समुद्र परतीचा नव्हता. एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. मळ्याबाहेर हिंडताना तसबीर चिकटविलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला तर तुरुंग. मुदत संपल्यावर फुकट परत पाठविण्याची तरतूद होती, तीही पुढे काढून घेण्यात आली. ज्या पाचूच्या पाण्यावर आज प्रवासी होडीने विहार करतात, ते या मंडळींना तुरुंगाच्या भिंतीसारखे वाटले असल्यास नवल नाही.

तथापि त्याच पाण्याशी त्यांनी जमवूनही घेतले. हेन्रिएटा येथे १८९६ साली प्रथम गणेशोत्सव झाला असे मानतात. आज मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला सरकारी सुटी असते. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचली जाते. अक्षरे बदलली; पावले बदलली नाहीत.

गांधीजी उतरले तेव्हा हे सारे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. १३ नोव्हेंबरला पोर्ट लुईच्या ताहेर बागेत व्यापाऱ्यांनी त्यांचा सत्कार केला. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कारभारात लक्ष घाला, असे त्यांनी तेथे सांगितले. सांगून विसरण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९०७ साली त्यांच्या सूचनेवरून बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर मॉरिशसला गेले, कोर्टात मजुरांच्या बाजूने उभे राहिले, आणि १९०९ साली त्यांनी ‘हिंदुस्थानी’ पत्र काढले. मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन १२ मार्च १९६८ हा ठरला, तो दांडीयात्रेच्या प्रारंभाच्या तिथीवर. वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या पुढाकाराने १९७५ साली नागपुरात पहिले विश्व हिंदी संमेलन भरले, त्याला मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आले होते; दुसरे संमेलन १९७६ साली मॉरिशसलाच झाले.

अलीकडची एक घटना सांगतो. २५ जुलै २०२० ला ‘वाकाशिओ’ नावाचे प्रचंड मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर, ग्रां पोर्टच्या रणक्षेत्रापासून फारशा दूर नसलेल्या जागी, पोवळ्याच्या बांधावर चढले. ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल त्या स्वच्छ पाण्यात गळले. सरकारी व्यवस्थेची वाट न पाहता माहेबुर्गच्या किनाऱ्यावर माणसे जमली. त्यांनी कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, मळ्यांतून उसाचे पाचट आणून त्यांत ठासून भरले, आणि त्या पिशव्या एकीला एक जोडून पाण्यावर सोडल्या. पाचटाने तेल धरून ठेवावे आणि आतले पाणी वाचावे, असा बेत होता. रात्रंदिवस शिवणाऱ्या त्या हातांत उसाच्या मळ्यात राबलेल्यांच्या नातवंडांचे, पणतवंडांचे हात होते.