माहीत होतं, पण कधीपासून? एनएफएल आणि डोक्याच्या दुखापतींची गोष्ट

आजच्या भागात फुटबॉल आहे, पण मेस्सीवाला नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो. हेल्मेट, खांद्यावर पॅड आणि समोरच्याला अंगावर घेऊन खाली पाडायचं. हा खेळ चालवणारी संस्था म्हणजे एनएफएल, जगातल्या सगळ्यात श्रीमंत लीगपैकी एक. या लीगवर साडेचार हजारांहून जास्त माजी खेळाडूंनी केस टाकली होती. त्यांचं म्हणणं "आम्हाला लागलं" एवढंच नव्हतं. लागणार हे त्यांनाही कळत होतंच. त्यांचं म्हणणं असं होतं की तुम्हाला धोका माहीत होता आणि तुम्ही तो आमच्यापासून लपवला.

या दोन वाक्यांतला फरक नीट धरून ठेवा. सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

सुरुवात करू माइक वेबस्टरपासून. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर. सेंटर म्हणजे जो वाकून, दोन पायांमधून बॉल मागे देतो आणि पुढच्याच क्षणाला समोरच्या धिप्पाड गड्याशी डोक्याने भिडतो. प्रत्येक चालीला हेच. वेबस्टरने 1974 ते 1990 असे 17 सीझन काढले, 4 सुपर बोल जिंकले, 1997 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि निवृत्तीनंतर? संसार मोडला, पैसा संपला, गोष्टी आठवेनात, कित्येक रात्री स्वतःच्या पिकअप ट्रकमध्ये झोपून काढल्या. 2002 च्या सप्टेंबरमध्ये हृदयविकाराने गेला, तेव्हा वय होतं फक्त 50.

त्याचं शवविच्छेदन बेनेट ओमालू नावाच्या डॉक्टरकडे आलं. मूळचा नायजेरियाचा, फुटबॉलशी काही घेणंदेणं नाही. वरून बघता वेबस्टरचा मेंदू ठीकठाक दिसत होता. ओमालूला ते पटेना. त्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून पुढच्या तपासण्या केल्या आणि मेंदूत टाऊ नावाच्या प्रोटीनचे गोळे सापडले. या आजाराचं लांबलचक नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी, आपण सीटीई म्हणू. डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला की मेंदू बिघडतो, हे बॉक्सरांच्या बाबतीत 1928 पासून लिहिलं गेलं होतं. फुटबॉलपटूच्या मेंदूत ते दाखवणारा पेपर मात्र 2005 मध्ये आला, ओमालूचा, 'न्यूरोसर्जरी' या जर्नलमध्ये.

आता लीगची बाजू बघू. 1994 मध्येच एनएफएलने एक समिती नेमली होती. नाव काय? 'माइल्ड ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी' समिती. अभ्यास सुरू व्हायच्या आधीच नावात 'माइल्ड', म्हणजे सौम्य! अध्यक्ष होते एका टीमचे डॉक्टर. ते मेंदूचे नाही, तर सांधेदुखीचे तज्ज्ञ. त्याच सुमारास लीगचे कमिशनर पॉल टॅग्लियाबू या सगळ्या चर्चेला पत्रकारांनी एकमेकांचं बघून केलेला गलका म्हणत होते. 2017 मध्ये त्यांनी त्या बोलण्याबद्दल माफी मागितली.

2003 पासून समितीचे पेपर त्याच 'न्यूरोसर्जरी'मध्ये एकामागून एक छापून येऊ लागले. सूर साधारण एकच: खेळाडू लवकर बरे होतात, कायमचं नुकसान दिसत नाही. पुढे 2016 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवून दिलं की ज्या डेटावर हे उभं होतं, त्यात शंभराहून जास्त कन्कशनची नोंदच नव्हती. बरं, ओमालूचा पेपर आला तेव्हा समितीच्या सदस्यांनी काय केलं? जर्नलला पत्र लिहिलं की हा पेपर मागे घ्या. जर्नलने घेतला नाही. 2007 मध्ये लीगने खेळाडूंना एक पत्रक वाटलं. नीट उपचार झाले तर एक-दोनपेक्षा जास्त कन्कशननेही कायमचा त्रास होतो असं संशोधनात दिसलेलं नाही, असा त्यातला मजकूर होता.

इथे थांबून विचार करा. लीगच्या कमिशनरची पत्रकार परिषद खेळाडू गांभीर्याने घेईलच असं नाही. पण डॉक्टरांची समिती, मेडिकल जर्नल, छापील पत्रक? त्यावर तो विश्वास ठेवणारच, आणि रविवारी पुन्हा मैदानात उतरणार. जनसंपर्काचं काम जेव्हा विज्ञानाचा कोट घालून येतं, तेव्हा ते ओळखणं सगळ्यात कठीण जातं.

आणि आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे बगच्या तिकिटावर "प्रॉब्लेम कन्फर्म" असं एकदा तारखेसकट पडलं की पुढे "आम्हाला कल्पनाच नव्हती" म्हणायची सोय उरत नाही. लॉग बोलतो. एनएफएलच्या बाबतीतही असं एक तिकीट होतं. निवृत्त खेळाडूंचे अपंगत्वाचे दावे तपासणारं एक मंडळ असतं, त्यावर निम्मे लोक टीममालकांचे आणि निम्मे खेळाडू संघटनेचे. या मंडळाने 1999 मध्येच मान्य केलं होतं की वेबस्टर कायमचा अपंग झाला आहे आणि कारण आहे फुटबॉल खेळताना डोक्याला बसलेला मार.

1999! म्हणजे एका खिडकीत "हो, खेळामुळेच झालं" म्हणून पैसे मंजूर, आणि शेजारच्या खिडकीत पुढची दहा वर्षं "पुरावा नाही". मंडळ स्वतंत्र आहे, तो लीगचा निर्णय नव्हे, ही लीगची बाजू. ती कायद्याने कदाचित टिकेलही. पण ज्याच्या हातात 2007 चं पत्रक पडलं त्या खेळाडूला कोणत्या खिडकीतलं उत्तर दिलं गेलं, हे आपल्याला दिसतंच आहे. वेबस्टरच्या कुटुंबालाही पूर्ण हक्काचे पैसे मिळवायला कोर्टात भांडावं लागलं. अपिलातला निकाल त्यांच्या बाजूने लागला 2006 मध्ये, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर.

याच मंडळावर पुढे डेव्ह ड्युअरसन नावाचा माजी खेळाडू बसला, दुसऱ्यांचे दावे तपासायला. 2011 मध्ये त्याने आत्महत्या केली. जाण्याआधी त्याने निरोप ठेवला होता की माझा मेंदू संशोधनासाठी द्या. बॉस्टन विद्यापीठात तपासणी झाली. सीटीई निघाला.

तोवर वारं फिरलं होतं. ऑक्टोबर 2009 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि तिथे लिंडा सांचेझ या खासदारबाईंनी लीगची तुलना थेट सिगारेट कंपन्यांशी केली. त्याच डिसेंबरमध्ये लीगच्या प्रवक्त्याने पहिल्यांदा मान्य केलं की कन्कशनचे दूरगामी परिणाम होऊ शकतात.

2011 मध्ये केसेस सुरू झाल्या. पुढच्या वर्षी त्या फिलाडेल्फियात न्यायाधीश अनिता ब्रॉडी यांच्यापुढे एकत्र आल्या. लीगचा बचाव हुशार होता. लीगने म्हटलं, खेळाडू संघटनेशी आमचा सामूहिक करार आहे, मग हा कामगार कायद्याचा वाद झाला, तो लवादापुढे न्या, कोर्टात नको. हा मुद्दा टिकला असता तर बहुतेकांच्या केसेस तिथेच संपल्या असत्या. म्हणजे जोखीम खेळाडूंनाही होती. आणि लीगला? केस पुढे गेली असती तर जुन्या फाइली, पत्रं, ईमेल सगळं कोर्टात हजर करावं लागलं असतं.

म्हणून ऑगस्ट 2013 मध्ये, सीझन सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, तडजोड झाली. 76.5 कोटी डॉलर. ब्रॉडीबाईंनी आधी अडवलं, एवढे पैसे सगळ्यांना पुरतील का म्हणून. मग वरची मर्यादा काढली गेली आणि 2015 मध्ये अंतिम मंजुरी मिळाली. आजारानुसार एकेका खेळाडूला जास्तीत जास्त 50 लाख डॉलर. लीगने दोष मान्य केला नाही. आणि फाइली उघडल्याच नाहीत. लीगने पैसे मोजले ते उपचारांसाठी, तसेच या बंद फाइलींसाठीही, असं माझं मत आहे.

एक बारीक अट पण बघा. सीटीईचं पक्कं निदान मेल्यावरच होतं. सीटीईसाठी म्हणून पैसे मिळाले ते अंतिम मंजुरीआधी वारलेल्यांच्या घरच्यांनाच. आणि पैशांसाठीच्या बौद्धिक चाचण्यांत कृष्णवर्णीय खेळाडूंची मूळ क्षमता कमी धरणारं सूत्र वापरलं जायचं, त्यामुळे त्यांचं नुकसान सिद्ध करणं अवघड व्हायचं. 2020 मध्ये दोन खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा कुठे ते बदललं.

आपल्याकडे काय? 5 डिसेंबर 2004, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल. गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलकीपरशी धडकला आणि गेला. तिथे आजार वेगळा, प्रकरण वेगळं. पण बरीच चर्चा कीपरला काय शिक्षा द्यायची याभोवती फिरली. एका माणसाकडे बोट दाखवणं सोपं असतं. मैदानावर डॉक्टर कोण होता, जबाबदारी कोणाची होती, हे विचारायला कागद मागावे लागतात.

म्हणून पुढच्या वेळी एखादी लीग किंवा कंपनी "आमच्यासाठी सुरक्षितता सर्वात महत्त्वाची" म्हणाली, की एकच प्रश्न विचारा: तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं, तारीख सांगा. वेबस्टरच्या बाबतीत ती तारीख 1999 होती. कबुली आली 2009 मध्ये. मधल्या दहा वर्षांत जे खेळले, त्यांना कोणी सांगितलं नाही.

भाग आवडला तर क्रिकेटवेड्या मित्रालाही पाठवा, बाउन्सर लागल्यावर तोही "काही नाही झालं" म्हणत उभा राहत असेलच. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!