संगणकीकृत दुर्बीण माउंट

संगणकीकृत दुर्बीण माउंट म्हणजे दुर्बिणीला आधार देणारी आणि अंतर्भूत संगणकाच्या साहाय्याने तिला आकाशातील इच्छित वस्तूकडे वळवून त्या वस्तूमागे फिरवत ठेवणारी यांत्रिक बैठक होय. निरीक्षकाने हातातील नियंत्रकावर ताऱ्याचे, ग्रहाचे अथवा तेजोमेघाचे नाव निवडले, की माउंटच्या दोन्ही अक्षांवरील मोटारी दुर्बीण त्या दिशेला नेतात. यामुळे अशा माउंटला ‘गो-टू माउंट’ असेही म्हटले जाते. माउंटला स्वतःला आकाश दिसत नाही. निरीक्षणाचे स्थळ, वेळ आणि निरीक्षकाने ओळखून दाखवलेले दोन-तीन तारे यांवरूनच ते आकाशाचा नकाशा बांधते. परिणामी त्याची अचूकता प्रामुख्याने प्रारंभीच्या जुळणीवर अवलंबून असते.

गरज

पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश पश्चिमेकडे सरकताना दिसते. शंभरपट विशालन देणाऱ्या दुर्बिणीत साधारणतः अर्ध्या अंशाचे, म्हणजे पूर्ण चंद्रबिंबाएवढे दृश्यक्षेत्र मिळते. स्थिर ठेवलेल्या अशा दुर्बिणीतून खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा अवघ्या दोन मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊन दिसेनासा होतो. शाळेतील आकाशदर्शनात रांगेतील दुसरा-तिसरा विद्यार्थी नेत्रिकेपाशी पोहोचेपर्यंत गुरू ग्रह दृश्यक्षेत्राबाहेर गेलेला असतो. वस्तूचा सतत मागोवा घेणारे माउंट ही अडचण दूर करते.

इतिहास

दुर्बीण यंत्राने फिरवण्याची कल्पना संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. जर्मन प्रकाशशास्त्रज्ञ योझेफ फ्राउनहोफर यांनी दॉर्पात (सध्याचे तार्तू, एस्टोनिया) येथील वेधशाळेसाठी तयार केलेल्या आणि इ.स. १८२४ मध्ये तेथे बसवलेल्या दुर्बिणीस विषुववृत्तीय माउंट व घड्याळयंत्राची चालना होती. महाराष्ट्रात पुणे येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये इ.स. १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा स्थापन झाली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या या वेधशाळेतील ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती. वेधशाळा इ.स. १९१२ मध्ये बंद झाल्यावर ही दुर्बीण कोडाईकनाल येथे नेण्यात आली. त्या काळच्या वेधकर्त्यास अक्षांवरील अंशांकित वर्तुळे वाचून आणि नाक्षत्र घड्याळ पाहून ताऱ्याची जागा स्वतः गणित करून काढावी लागे. आजच्या माउंटमधील संगणक तेच गणित क्षणार्धात करतो.

सोव्हिएत संघाची ६ मीटर व्यासाची दुर्बीण इ.स. १९७५ मध्ये कार्यान्वित झाली. संगणकाच्या नियंत्रणाखाली दोन्ही अक्ष एकाच वेळी फिरवणारी ती पहिली मोठी दुर्बीण होय. हौशी निरीक्षकांसाठी सेलेस्ट्रॉन कंपनीचे ‘कॉम्प्युस्टार’ इ.स. १९८७ मध्ये आणि मीड कंपनीची ‘एलएक्स-२००’ मालिका इ.स. १९९२ मध्ये बाजारात आली. पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे ‘आयुका’ या संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण इ.स. २००६ पासून कार्यरत आहे. नारायणगावाजवळील खोडद परिसरातील महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनाही संगणकाच्या आज्ञेने दिगंश व उन्नतांश या दोन अक्षांभोवती फिरतात. अंगणात मांडल्या जाणाऱ्या छोट्या माउंटचे मूलतत्त्व हेच आहे.

प्रकार

दिगंश-उन्नतांश माउंट : यातील एक अक्ष क्षितिजाला समांतर दिशेने, तर दुसरा वर-खाली फिरतो. मांडणी सोपी आणि वजन कमी असल्याने शाळा व नवशिके निरीक्षक यांच्यासाठी हा प्रकार सोयीचा ठरतो. मात्र वस्तूचा मागोवा घेताना नेत्रिकेतील चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरते. डोळ्याने पाहताना हे जाणवत नाही, पण दीर्घ उद्भासनाच्या छायाचित्रात कडेचे तारे कमानीसारखे उमटतात.

विषुववृत्तीय माउंट : यातील मुख्य अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखलेला असतो. त्यामुळे केवळ एकच अक्ष नाक्षत्र गतीने फिरवून ताऱ्याचा मागोवा घेता येतो व चित्र फिरत नाही. छायाचित्रणासाठी हाच प्रकार पसंत केला जातो. ध्रुवाकडील रोख अचूक साधणे व समतोल वजने लावणे ही जादा कामे यात करावी लागतात.

कार्यतत्त्व

आकाशातील प्रत्येक ताऱ्याचे स्थान विषुवांश आणि क्रांती या दोन अंकांनी सांगितले जाते. नियंत्रकाच्या स्मृतीत हजारो वस्तूंचे हे अंक साठवलेले असतात. त्यांत सामान्यतः मेसिए यादीतील ११० वस्तू आणि ‘एनजीसी’ सूचीतील अनेक वस्तूंचा समावेश असतो. स्थळाचे रेखांश, दिनांक व वेळ यांवरून संगणक स्थानिक नाक्षत्र काल काढतो. त्यातून ताऱ्याचे विषुवांश वजा केले की तारा मध्यमंडलापासून किती दूर आहे हे कळते. यात अक्षांश मिळवले की दिगंश व उन्नतांश निश्चित होतात. अक्षांवरील मोजणी-चकत्या म्हणजे एन्कोडर, किंवा मोटारीच्या पावलांची गणना, दुर्बीण किती फिरली हे संगणकाला कळवत राहतात.

उभारणी

१. जागा : कठीण व सपाट जमीन निवडावी. गच्चीवर माणसे चालल्यास चित्र हलते, म्हणून शक्यतो जमिनीवरच मांडणी करावी.

२. तिपाई : पाण्याच्या पातळीयंत्राने तिपाई समतल करावी. पाय पूर्ण लांब न केल्यास कंप कमी होतो.

३. समतोल : दुर्बीण, नेत्रिका आणि कॅमेरा वापरणार असल्यास तोही बसवून दोन्ही अक्षांचा समतोल साधावा. समतोल नसलेल्या दुर्बिणीचा भार मोटारी व दात्यांवर पडतो.

४. वीज : बहुतेक माउंटना १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. बॅटरी उतरू लागली की माउंट मध्येच थांबते किंवा भलतीकडे वळते. हा दोष अनेकदा यंत्रबिघाड समजला जातो. जोडणीपूर्वी धन व ऋण टोके तपासावीत.

५. शोधक दुर्बीण : मुख्य दुर्बीण व शोधक यांचा रोख दिवसा दूरच्या मनोऱ्यावर किंवा झाडाच्या शेंड्यावर जुळवून घ्यावा. सूर्याच्या दिशेला मात्र दुर्बीण नेऊ नये.

६. माहिती भरणे : स्थळ, दिनांक, वेळ व कालविभाग नियंत्रकात भरावेत.

माहिती भरताना होणाऱ्या चुका

भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. कालविभाग केवळ ५ किंवा ६ असा भरल्यास अर्ध्या तासाची, म्हणजे आकाशात साडेसात अंशांची चूक होते. केवळ पूर्ण तास स्वीकारणाऱ्या जुन्या नियंत्रकांत कालविभाग ५ निवडून घड्याळ अर्धा तास मागे भरावे. उन्हाळी वेळेचा पर्याय भारतात नेहमी बंदच ठेवावा, अन्यथा १५ अंशांचा फरक पडतो.

अनेक नियंत्रकांत अमेरिकी पद्धतीनुसार आधी महिना व नंतर दिवस भरावा लागतो. ५ मार्च हा दिनांक ३ मे असा नोंदला गेल्यास ५९ दिवसांचा फरक पडतो आणि दुर्बीण पहिल्या ताऱ्यापासून सुमारे ५८ अंश दूर रोखली जाते. तारे हाताने नीट जुळवल्यास काही नियंत्रक वेळेतील लहान चूक सामावून घेतात, पण चंद्र व ग्रहांबाबत ती उघडी पडते, कारण चंद्र ताऱ्यांच्या संदर्भात तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो.

ताऱ्यांची जुळणी

नियंत्रकावर ‘अलाइनमेंट’ या नावाने दिसणारी ही कृती सर्वांत महत्त्वाची आहे. दोन ताऱ्यांच्या पद्धतीत निरीक्षक पहिला तारा निवडतो. माउंट त्याच्या अंदाजे दिशेला जाते. मग बाणांच्या कळांनी तारा प्रथम शोधकाच्या व नंतर नेत्रिकेच्या बरोबर मध्यभागी आणून स्वीकृतीची कळ दाबतात. दुसऱ्या ताऱ्याबाबत हीच कृती केली जाते. दोन ताऱ्यांमधील अंतर साधारण ५० ते १२० अंश असावे आणि दोन्ही क्षितिजापासून पुरेसे वर असावेत. तारा मध्यभागी आणताना अखेरची हालचाल नेहमी एकाच बाजूने करावी. त्यामुळे दात्यांमधील मोकळ्या फटीचा परिणाम कमी होतो. जुळणीसाठी अधिक विशालनाची नेत्रिका वापरल्यास मध्यबिंदू नेमका साधतो.

दाखवलेला तारा तोच आहे की शेजारचा, हे माउंट स्वतः ओळखू शकत नाही. पुनर्वसू नक्षत्रातील कॅस्टर व पोलक्स हे दोन ठळक तारे एकमेकांपासून सुमारे साडेचार अंशांवर आहेत. त्यांची अदलाबदल झाल्यास त्या रात्रीचे सर्व रोख चुकू शकतात. काही नियंत्रक दोन ताऱ्यांमधील मोजलेले अंतर व ज्ञात अंतर ताडून पाहतात आणि तफावत आढळल्यास जुळणी नाकारतात. म्हणूनच निदान दहा-बारा ठळक तारे ओळखता येणे या यंत्राच्या वापरासाठी आवश्यक ठरते.

नियंत्रकात ताऱ्यांची पाश्चात्त्य नावे असतात. नेहमी लागणारी काही नावे पुढीलप्रमाणे :

व्याध – सिरियस
अगस्त्य – कॅनोपस
ब्रह्महृदय – कॅपेला
रोहिणी – अल्डेबरन
मघा – रेग्युलस
चित्रा – स्पायका
स्वाती – आर्क्ट्युरस
ज्येष्ठा – अँटारेस
अभिजित – व्हेगा
श्रवण – अल्टेअर
मीनास्य – फोमलहॉट

महाराष्ट्रातून रात्री आठच्या सुमारास फेब्रुवारीत व्याध आणि ब्रह्महृदय (अंतर सुमारे ६६ अंश), मेमध्ये मघा आणि चित्रा (सुमारे ५४ अंश), तर नोव्हेंबरच्या प्रारंभी श्रवण आणि मीनास्य (सुमारे ५९ अंश) या जोड्या सोयीच्या असतात.

कमी अक्षांशावरील वापर : बिद्रीचे उदाहरण

उपलब्ध माहितीपुस्तिका बहुधा युरोप-अमेरिकेतील ४० ते ५० अंश अक्षांश गृहीत धरून लिहिलेल्या असतात. दक्षिण महाराष्ट्रातील परिस्थिती वेगळी आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील बिद्री हे गाव सुमारे १६.४ अंश उत्तर अक्षांश व ७४.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. तेथे पुढील बाबी विचारात घ्याव्या लागतात.

ध्रुवताऱ्याची उंची : ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची स्थळाच्या अक्षांशाएवढी असते. बिद्रीत ध्रुवतारा केवळ १६-१७ अंशांवर, धुरकट हवेच्या थरात दिसतो. दुर्बिणीचा मध्य जमिनीपासून दीड मीटर उंच असल्यास पाच मीटरवरचा तीन मीटर उंचीचा उभा ऊसही त्याला झाकतो. त्यामुळे विषुववृत्तीय माउंटसाठी उत्तरेकडे मोकळी जागा शोधावी लागते. ध्रुवतारा दिसत नसल्यास मध्यमंडलाजवळचा एक आणि पूर्व क्षितिजाकडचा एक असे दोन तारे उत्तरेस वा दक्षिणेस कसे सरकतात ते पाहून अक्षाचा रोख दुरुस्त करता येतो.

माउंटची मर्यादा : काही विषुववृत्तीय माउंटचा अक्ष २० अंशांपेक्षा खाली झुकवता येत नाही. खरेदीपूर्वी ही मर्यादा तपासावी. कमी अक्षांशावर समतोल वजनाचा दांडा जवळजवळ उभा राहत असल्याने तो तिपाईच्या पायाला अडकण्याचाही संभव असतो.

खस्वस्तिकाजवळची अडचण : रोहिणी ताऱ्याची क्रांती सुमारे साडेसोळा अंश उत्तर, म्हणजे जवळपास बिद्रीच्या अक्षांशाएवढीच आहे. त्यामुळे हा तारा तेथे जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो. डिसेंबरच्या प्रारंभी मध्यरात्रीच्या सुमारास हे घडते. त्या वेळी दिगंश-उन्नतांश माउंटला थोड्याच अवधीत सुमारे १८० अंश वळावे लागते व मागोवा तुटतो. रोहिणी डोक्यावर येण्यापूर्वी अथवा कलल्यानंतर पाहणे हाच यावरील उपाय आहे.

प्रमाणवेळेतील फरक : भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते. बिद्रीची स्थानिक मध्यम वेळ तिच्या सुमारे ३३ मिनिटे मागे आहे. नियंत्रकात मात्र प्रमाणवेळच भरावी. हा फरक संगणक रेखांशावरून स्वतः काढतो.

ऋतू : जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत निरीक्षण क्वचितच शक्य होते. आकाश निरभ्र असण्याचा हिवाळी काळ आणि उसाचा गळीत हंगाम बहुतांशी एकच असतो. बिद्री येथे श्री दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे. साखर कारखान्याच्या परिसरातील दिवे आणि शेतांतील पाचट जाळल्याचा धूर अंधुक तेजोमेघांच्या दर्शनास बाधक ठरतो. चंद्र, ग्रह व जोडतारे यांना त्याचा उपद्रव कमी होतो. हिवाळ्यात भिंगावर दव जमते. त्यासाठी दुर्बिणीच्या तोंडाला पुठ्ठ्याची लांब नळी लावणे उपयुक्त असते.

सुरक्षितता

नियंत्रकाने दुर्बीण आपोआप वळत असल्याने दिवसा ती सूर्यावरून जाण्याचा धोका असतो. दुर्बिणीतून क्षणभर सूर्य पाहिल्यासही डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. सूर्यनिरीक्षणासाठी दुर्बिणीच्या पुढील तोंडावर प्रमाणित सौरगाळणी घट्ट बसवावी आणि शोधक दुर्बिणीचे तोंड झाकून ठेवावे. केवळ नेत्रिकेला लावायची गाळणी उष्णतेने तडकू शकते, म्हणून ती वापरू नये. माउंट फिरत असताना वायरी अक्षाभोवती गुंडाळल्या जात नाहीत ना, याकडेही लक्ष ठेवावे.

मर्यादा

संगणकीकृत माउंट वस्तू शोधून देते, पण तिचे तेज वाढवत नाही. अंधुक दीर्घिका दिसेल की नाही, हे दुर्बिणीच्या व्यासावर व आकाशाच्या काळोखावर ठरते. त्यामुळे वस्तू नेत्रिकेत असूनही न दिसल्याने ‘यंत्र चुकले’ असा समज होऊ शकतो. अशा वेळी जवळच्या एखाद्या परिचित ठळक ताऱ्याकडे दुर्बीण वळवून पाहावे. तो मध्यभागी आल्यास जुळणी योग्य आहे असे समजावे. तिपाईला धक्का लागल्यास किंवा वीज खंडित झाल्यास सामान्यतः जुळणी नव्याने करावी लागते.

हेही पहा

दुर्बीण
खगोलीय निर्देशांक पद्धती
नाक्षत्र काल
ध्रुवतारा
गिरवली वेधशाळा
बिद्री