‘कॉम्प्यूटर’ या शब्दाची पूर्वपीठिका

‘कॉम्प्यूटर’ हा शब्द आज घरोघरीं ऐकूं येतो आणि तो कानीं पडतांच एक यंत्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु हें यंत्र जन्मास येण्यापूर्वीं सुमारें तीन शतकें हा शब्द इंग्रजींत माणसाचा वाचक होता. आंकडेमोड करून पोट भरणारा गणिती, एवढाच त्याचा अर्थ.

हिंदुस्थानांतहि असे कॉम्प्यूटर होते. कलकत्त्याच्या हिंदु कॉलेजचे विद्यार्थी राधानाथ शिकदार यांना १८३१ सालीं त्रिकोणमितीय मोजणी-खात्यांत याच हुद्द्यावर नेमण्यांत आलें. दूरवरून टिपलेल्या कोनांवरून, पृथ्वीचा गोलावा आणि हवेंत प्रकाशकिरणांना येणारा बांक हिशेबांत धरून, शिखरांची उंची काढणें हें त्या कचेरीचें काम. ‘पंधरावें शिखर’ म्हणून नोंदलेल्या हिमशिखराची उंची १८५६ मध्यें २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या गणितांत शिकदारांचा मोठा वाटा मानला जातो. शिखरास नांव मात्र सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचें मिळालें. १८५१ सालीं निघालेल्या मोजणीशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथांतील गणिताचा भाग शिकदारांनीं लिहिला होता व प्रस्तावनेंत तें ऋण मान्यहि केलेलें होतें. १८७० मध्यें ते वारले, आणि १८७५ च्या आवृत्तींतून तो उल्लेख नाहींसा झाला.

यंत्राच्या अवयवांचीं पहिलीं नांवेंहि अशींच माणसांच्या व्यवहारांतून आलेलीं आहेत. चार्लस बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें १८३७ च्या सुमारास कल्पिलेल्या गणनयंत्राचे दोन भाग होते : ‘गिरणी’ आणि ‘कोठार’. आंकडे दळणाऱ्या गिरणीचें काम आज प्रोसेसर करतो व कोठाराचें काम मेमरी. मेमरीहि दोन प्रकारची असते. रॅम ही शाळेंतील पाटीसारखी; वीज गेली कीं पुसली जाते. हार्ड डिस्क ही वहीसारखी. तिच्यावर लिहिलेलें टिकतें.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथें १९४६ सालीं ‘एनिॲक’ हें विजेचें गणनयंत्र लोकांपुढें आलें. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि वजन ३० टन. तरी त्याच्या चालत्या स्मृतींत दहा-दहा अंकी अवघ्या वीस संख्या मावत. तारा व खटके बदलून त्यास गणित समजावून देण्याचें काम सहा स्त्रियांनीं केलें. त्या पूर्वीं तोफगोळ्यांचे मार्ग हातानें मोजणाऱ्या लष्कराच्या ‘कॉम्प्यूटर’च होत्या. यंत्राचा गाजावाजा झाला, परंतु त्या स्त्रियांचीं नांवें कित्येक दशकें अंधारांत राहिलीं.

पुढें एका यंत्रानें दुसऱ्याशीं बोलावें अशी गरज उत्पन्न झाली, तेव्हां उपमा टपालाची घेतली गेली. ब्रिटनमधील डोनाल्ड डेव्हिस यांनीं १९६५ च्या सुमारास ‘पॅकेट’ हा शब्द योजला. लांब पत्राचे तुकडे करावे, प्रत्येकावर पत्ता व अनुक्रम घालून तीं पाकिटें मिळेल त्या वाटेनें धाडावीं, आणि घेणाऱ्यानें तीं पुन्हा जुळवावीं, अशी ही युक्ति. पाकिटास पुढील वाट दाखविणारा तो राउटर, म्हणजे टपाल निवडणारा कारकून. आणि दोन्ही बाजूंनीं पाळावयाचे ठरीव नियम तो प्रोटोकॉल. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजलिसहून स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्यांत येत होता. ‘एल’ आणि ‘ओ’ हीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें! सुमारें तासाभरानें तें दुरुस्त होऊन पूर्ण शब्द पोंचला. आजच्या जगद्व्यापी जाळ्याचा श्रीगणेशा असा अडखळत झाला.

तेव्हां हे शब्द परके किंवा गूढ मानण्याचें कारण नाहीं. गिरणी, कोठार, पाटी आणि पाकीट ज्यास कळतें, त्यास तेहि कळतील. मात्र घरांतील मुलांना ‘कॉम्प्यूटर’चा अर्थ सांगतांना, हा हुद्दा एके काळीं माणसांचा होता व त्यांत एक राधानाथ शिकदार होते, एवढें आवर्जून सांगावें. प्रस्तावनेंतून गाळलें गेलेलें नांव निदान संभाषणांत तरी परत यावें.