फांशीच्या छायेंतील सोळा वर्षें

परभणी जिल्ह्यांतील देवगांव फाट्याच्या बाजूनें पश्चिमेस निघालें कीं जालना जिल्हा लागतो. मजुरीच्या शोधांत दूरदूर फिरणारीं भटकीं कुटुंबें या मुलखास नवीं नाहींत, आणि त्यांच्यावर पडणारा संशयही नवा नाहीं. इ. स. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें त्या संशयावर सरकारी शिक्का मारला. कायदा १९५२ सालीं रद्द झाला, संशय मात्र गेला नाहीं. आज ज्या खटल्याची हकीगत निवेदन करावयाची आहे, त्यांतील आरोपी अशाच भटक्या जमातींतील गरीब मजूर होते.

ता. ५ जून २००३ च्या रात्रीं नाशिकजवळच्या एका वस्तीवर दरोडा पडला. पांच जीव गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरांतील एक स्त्री व तिचा मुलगा तेवढीं वांचलीं. कृत्य इतकें क्रूर होतें कीं, तें ऐकतांच कोणाच्याही मुखीं फांशीचाच शब्द यावा. परंतु फांशी कोणाला, हा प्रश्न त्याआधींचा. घटनेनंतर लगेच त्या स्त्रीला पोलिसांनीं नोंदींतील गुन्हेगारांचीं छायाचित्रें दाखविलीं आणि तिनें त्यांतील चौघांना ओळखलें. ते चौघे खटल्यांत कधींच उभे राहिले नाहींत. उभे राहिले ते दुसरेच सहा जण, आणि त्यांतील एक तर, पुढें ठरल्याप्रमाणें, त्या वेळीं अल्पवयीन होता!

नाशिकच्या सत्र न्यायालयानें २००६ सालीं सहाही जणांना देहांताची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २००७ मध्यें तिघांची फांशी कायम केली व तिघांना जन्मठेप दिली. ता. ३० एप्रिल २००९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांना पुन्हां फांशीच्या दोराखालीं आणलें. एकच पुरावा, आणि त्यावरून तिघांचें जीवित दोन वर्षांत दोनदां हेलकावे खातें! ज्यांना ही शिक्षा गणिताप्रमाणें चालते असें वाटतें, त्यांनीं या तारखा एकदां ओळीनें वाचाव्या.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. १९८० सालीं बचनसिंग खटल्यांत असें ठरलें होतें कीं, फांशी दुर्मिळांतील दुर्मिळ प्रसंगींच द्यावी आणि ती देतांना गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराची परिस्थितीही पाहावी. परंतु १९९५ च्या राजस्थानांतील एका निकालानें केवळ गुन्ह्याकडे पाहणें पुरेसें मानलें. त्या आरोपीस १९९६ सालीं फांशी झाली. नाशिकच्या प्रकरणांतील २००९ च्या निकालानें त्याचाच आधार घेतला, आणि अवघ्या दोन आठवड्यांत, १३ मे २००९ रोजीं, त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानें तो १९९५ चा निकाल बचनसिंग खटल्याशीं विसंगत ठरविला. फांशी गेलेल्यास तें सांगणार कोण?

हे सहा जण मात्र अद्याप जिवंत होते. २०१२ सालीं चौदा माजी न्यायाधीशांनीं राष्ट्रपतींना पत्रें लिहून, अशा सदोष निर्णयांमुळें फांशीच्या छायेंत असलेल्या तेरा कैद्यांचा प्रश्न मांडला. त्यांत हे सहाही होते. पुढें, २०१४ सालीं, फांशीच्या प्रकरणांत पुनर्विलोकन अर्ज खुल्या न्यायालयांत ऐकला पाहिजे असा निर्णय झाला. त्या वाटेनें या खटल्याचीं पानें पुन्हां उघडलीं गेलीं आणि छायाचित्रांची बाब समोर आली.

ता. ५ मार्च २०१९ रोजीं सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकास पांच लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचेंही न्यायालयानें फर्माविलें. त्या घरांत मारल्या गेलेल्या पांच जणांचा न्याय मात्र होता तेथेंच राहिला होता. त्या स्त्रीनें ज्या चौघांकडे बोट दाखविलें होतें, त्यांच्याविषयीं पुढील तपास करण्याचा आदेशही त्याच निकालांत आहे. तो निघाला तेव्हां घटनेचें सोळावें वर्ष सरत आलें होतें.